पारखणारा

बुधवार, ११ फेब्रुवारी २००४. सकाळी साडेअकरा वाजता कोल्हापूरच्या एका दवाखान्यात शिवांजली गेली. वय एकोणीस. मांडीच्या हाडाचा कॅन्सर. डावा पाय ऑगस्टमध्येच काढला होता. हुपरीतल्या घरच्या कारखान्यात चांदीचं नवं पैंजण आधी तिच्या पायात घालून बघत.

तिथं पारखायला बसतात तिचे वडील, शिवाप्पा. कच्चा जोड दिसला की पैंजण मुशीत, पुन्हा आटायला. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून खोटा माल बाहेर गेलेला नाही.

शिवाप्पांची बहीणही अठ्ठाविसाव्या वर्षी कॅन्सरनंच गेली होती. म्हणून दवाखान्यातल्या डॉ. निशिगंधांनी शिवांजलीचं आणि आईवडिलांचं रक्त तपासायला मुंबईला पाठवलं होतं. अहवाल मार्चमध्ये आला.

डॉक्टरांनी समजावलं. पेशीत बिघाड झाला की एक जनुक तो ओळखतं, तिला थांबवतं. दुरुस्ती होत नसेल तर तिला मरायला लावतं. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. शिवांजलीला मिळालेली एक प्रत मुळातच बिघडलेली होती. पुढे हाडातल्या एका पेशीत दुसरीही बिघडली. ती पेशी मेली नाही. वाढत गेली.

"म्हंजे आत पारखणाराच न्हवता," शिवाप्पा म्हणाले.

"तसंच."

"मरायचं त्या पेशीनं, आन् गेली माझी पोर व्हय?" आई, नीलम्मा, एवढंच बोलल्या.

"ती बिघडलेली कुणाकडची?" शिवाप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी कागद त्यांच्याकडे फिरवला. "तुमच्याकडची."

धाकटी रक्षिता चौदा वर्षांची. तिच्यातही ती प्रत असण्याची शक्यता निम्मी. तिचं रक्त त्याच दिवशी घेतलं. शिवाप्पा तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होते.

"अप्पा, असं काय बघताय? मी काय पैंजण हाय?"

शिवाप्पांनी मान फिरवली.

रक्षिताचा अहवाल सोमवारी, १९ एप्रिलला आला. दवाखान्यातून कारखान्यात फोन गेला. शिवाप्पांनीच उचलला. "येतो की," म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत पाकीट न उघडलेलं, डॉक्टरांच्या कपाटातच होतं.

कारखान्यातले सांगतात, सोमवारपासून शिवाप्पा रोज पारखायला बसतात. एकही पैंजण त्यांनी मुशीत टाकलेलं नाही.