चर्चचा पुढचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. तोही हिवाळाभर नुसता नावाला. कारागंडा शहराजवळच्या आमच्या खाणवस्तीत अनेक वर्षांच्या बंदीनंतर चर्च बांधायची परवानगी मिळाली, तेव्हा रुडॉल्फ सुताराने मला घडवलं. पहिल्या रविवारी लोकांनी माझ्यावरून हात फिरवले, म्हाताऱ्या तर रडल्या. आता थंडी पडली की चर्चची देखभाल करणाऱ्या तेक्ला आजी माझ्या फटींत जुन्या लोकरीचे बोळे ठासतात, आतून अडसर घालतात आणि सगळे मागच्या कोळशाच्या खोलीतून आत येतात. कोळसा वाचतो, कबूल. पण एक पाटी लावायला काय जातं यांचं? फादर विचारून थकले. आजींचं उत्तर ठरलेलं: सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या रविवारी गेनोवेफा आपल्या वडिलांना, फेलिक्स काकांना, घेऊन आली, दूरच्या गावाहून, पाच तास बसने. दुसऱ्या दिवशी शहरात काकांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी त्यांना पापांची कबुली द्यायची होती. त्यांच्या गावात अकरा वर्षांत एकही फादर फिरकले नव्हते. तिने माझी कडी ओढली, ठोठावलं, शेवटी लाथही घातली. आत गाणं चाललेलं, ऐकतंय कोण! असा संताप आला माझा मलाच.

"राहू दे पोरी," काका म्हणाले, "ओळखीच्यांनाच घेत असतील."

पण ते गेले नाहीत. टोपी काढून, कपाळ माझ्या फळीला टेकवून आतल्यांबरोबर गात राहिले. आवाज थंडीने कापत होता.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली. तेक्ला आजी वळसा घालून पुढे आल्या आणि वर यांनाच बोलल्या.

"अहो, या थंडीत बाहेर काय उभे राहिलात? मागचं दार उघडंच होतं की. सगळ्यांना माहीत आहे."

"त्या सगळ्यांत आम्ही नव्हतो, ताई," काका म्हणाले.

आजींचा चेहरा उतरला. त्या तशाच मागे धावल्या. फादर दुसऱ्या गावच्या मिस्सेला निघाले होते, त्यांना गाडीतून उतरवलं. मग आतून बोळे उपसले, अडसर काढला आणि भर हिवाळ्यात मी करकरत उघडलो. काकांची कबुली माझ्याच आडोशाला झाली. काय बोलले ते सांगणार नाही, तेवढी अक्कल मला आहे.

दुपारी बोळे पुन्हा जागच्या जागी. पाटी? अजून नाही! मित्रांनो, दार बंद ठेवायचं तर ठेवा, पण नव्या माणसाला वाट तरी सांगा. काकांच्या आधी या हिवाळ्यात सात जण माझी कडी ओढून निमूट परत गेले. त्यांच्यामागे कुणी धावलं नाही.