वाया गेलेली टेप

टेप कॅमेऱ्यात, कॅमेऱ्याची वायर कॉम्प्युटरला, आणि मग मुकाट बसून राहायचं. तासाभराची टेप उतरवायला तासच लागतो, हे नातीनं सांगितल्यावर आजोबांना बरंच वाटलं. निदान एक गोष्ट तरी अजून सावकाश होत होती.

सात टेपा उतरल्या. आजी मात्र सगळीकडे पाठमोरी, तोंडातून चकार शब्द नाही. कॅमेरा दिसला की ती कुत्रं मागे लागल्यासारखी पळायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि हल्ली आजोबांना तिचा आवाज नीट आठवेनासा झाला होता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आता आठवी," नात म्हणाली.

"ती राहू दे. वाया गेलेली आहे."

ती लेकीच्या लग्नाची. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस त्या दिवशी चष्मा घरी विसरला आणि लाल बटण उलटंच दाबत राहिला. लग्न लागताना कॅमेरा बंद, गळ्यात लटकताना चालू. घरादारानं इतकी टर उडवली की त्यांनी ती टेप कचऱ्यात टाकली. आजीनं ती काढून, पुसून ठेवून दिली. का, ते विचारायचं राहून गेलं.

"तुझी आई दिसतच नाही गं त्यात."

नातीनं ऐकलं नाही. हट्टात ती आजीवर गेली होती.

पडद्यावर फरशी आली. मग बूट. मग खुर्च्यांचे पाय.

"अहो, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही तुमच्या. बसा इथे. लेक काही पळून जात नाहीये."

आजोबा पडद्याकडे सरकले. तोच आवाज, तोच दरडावणारा लाड.

कॅमेरा मांडीवर टेकला आणि समोर आजीचा चेहरा आला. ती वाकून बघत होती. "अगंबाई, दिवा लागलाय की याचा."

"काय म्हणालीस?" टेपमधल्या आजोबांनी विचारलं.

"काही नाही. जेवा तुम्ही."

ती पळाली नाही. समोर खुर्ची ओढून बसली, केस सारखे केले आणि बोलत राहिली, तब्बल अकरा मिनिटं.

"आजोबा, आजीला माहीत होतं," नात हळूच म्हणाली.

"हो ना." आजोबांनी डोळे पुसले. "आणि टर उडवण्यात सगळ्यांच्या पुढे तीच होती."