लाजेची जागा

“लॅटिनमध्ये ‘पुडेंडम’ म्हणजे काय, माहितीय? जिची लाज वाटावी ती जागा!” डॉक्टर ऋषिकेशनं शिकाऊ मुलींना सांगितलं आणि स्वतःच हसला. “बायकांच्या त्या अवयवाचं पुस्तकातलं नाव आहे हे.”

पडद्यामागे काटोलकडच्या जयवंताबाई तपासणीच्या टेबलावर अजून तशाच पडून होत्या. त्याच जागी गाठ, आता जांघेपर्यंत पसरलेली. वंदना सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“लाज कोनाले वाटाची, सर? त्या बाईले का नाव देनाऱ्याले?”

“सिस्टर, शब्द दोन हजार वर्षांचा आहे. मी नाही काढला.”

“मंग हसून काहून राहिले?”

मुली खाली बघू लागल्या. वंदना पाय आपटत जुना केस पेपर आणायला गेली. या बाईला आधी तपासून गोळ्या देऊन घरी पाठवणारा शहाणा कोण, त्याला आज सोडायचाच नाही!

कागद सापडला. सहा महिन्यांपूर्वीचा. तक्रार: पोटदुखी. अक्षर तिचंच.

नागपुरात धंतोलीतल्या या दवाखान्यात बावीस वर्षं ती हेच करत आली होती. बेंबीखाली काहीही झालं तरी खेड्यातली बाई ‘पोट’च म्हणायची, कारण शेजारी नवरा उभा असायचा. वंदना खुणेनं समजून घ्यायची, कागदावर पोट लिहायची आणि आत जाऊन डॉक्टरांच्या कानात खरं सांगायची. त्या दिवशी गर्दी होती. कानात सांगायचं राहून गेलं, आणि तेव्हाच्या नव्या डॉक्टरनं कागदावरचं ‘पोट’ वाचून पित्ताच्या गोळ्या दिल्या. मेले ते लॅटिनवाले, पण त्यांचं काम तीच इमानेइतबारे करत होती.

ती पडद्याआड गेली. जयवंताबाई लुगडं सावरत उठून बसल्या होत्या.

“तुमाले तं मी खुणेनं सांगतलं होतं न, बाई,” त्या हळूच म्हणाल्या. आवाजात रागही नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

वंदनानं बाहेर येऊन नवा कागद घेतला. कॅन्सरच्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी. बाकावरून जयवंताबाईंचे मालक, चंद्रभानजी उठले.

“काय झालं जी तिले? पोटच न?”

“नाही. योनीवर गाठ आहे, कॅन्सरची दिसते.”

बाकावरच्या पुरुषांनी माना खाली घातल्या. “हळू बोला न, सिस्टर,” चंद्रभानजी पुटपुटले.

“सहा महिने हळूच बोललो न, काका.”

तिनं तो शब्द कागदावर ठळक लिहिला. मग त्याखाली, जुन्या कागदाची तारीख देऊन, स्वतःची चूक लिहिली आणि पूर्ण नावानं सही केली.