आसरामाईचं तेल

देवाला माणसं तेल वाहत्यात, हे मला ठाऊक व्हतं. देवच तेल द्यायला लागला म्हंजे काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यावर आमची लाँच हाय. माझा नवरा जानकू चालवतो. पलीकडच्या वाड्यांची माणसं बाजाराला तिच्यातनंच येत्यात, आमची पोर संस्कृती तिच्यातनंच शाळंला जाती. आणि मधोमध माझे सासरे, सावळाराम, पाण्याच्या देवीला, आसरामाईला, घेऊन बसत्यात. गाव धरणात गेलं तवा नदीकाठचा हा शेंदरी दगड त्यांनी खांद्यावरनं आणला. मग लाँचीत बसवला. बसवला कुठं? डिझेलच्या टाकीच्या झाकणावर, सिमेंट लावून! जानकू म्हणाला, "आबा, खाली टाकी हाय." मामंजी म्हणाले, "असू दे. डिझेल बाजूच्या नळीतनं भरतूस ना?" झालं!

औंदा टाकी वरच्या जोडाला गंजली. लाँच डुलली की फटीतनं डिझेल वर यायचं, थेट माईच्या पायाशी. पलीकडच्या वाडीच्या कोंडाबाईनं पयल्यांदा बघितलं. "अगं बया, माईला तेल सुटलं!" म्हणत तिनं गुडघ्याला चोळलं. दुसऱ्या दिवशी गुडघा हलका झाला म्हणाली. मग काय विचारता! नारळ काय, उदबत्त्या काय! ज्या म्हाताऱ्याला कुणी चहा घे म्हणत नव्हतं, त्यो आता एकेकाला बोट-बोट तेल वाटायला लागला. वास सगळ्यांना येत व्हता, पण देवाच्या तेलाला नाक कोण मुरडणार? कोंडाबाईचा गुडघा बरा झाला आणि माझं डोकं उठलं.

त्यात मामंजींनी कापूर लावायला सुरुवात केली. खाली डिझेलनं भिजलेल्या फळ्या, वर कापूर, आणि शेजारी दप्तर घेऊन माझी पोर. जानकूनं घोडेगावहून नवी टाकी करून आणली व्हती, पण ती काठावर ताडपत्रीखाली पडून. बापाफुडं त्याची वाचाच बसती. मामंजींचं एकच, "माईला इचारल्याबिगर हात लावायचा नाय."

"मग लावा कौल," मी म्हणाले.

कौल म्हंजे दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाय. पाकळ्या चिकटवायचं काम माझ्याकडं. उजवीला नुसतं पाणी लावलं. डावीला इंद्रायणीचा शिजलेला भात चांगला घोटून लावला. आमचा इंद्रायणी भगुण्याला चिकटला तर चार दिस सुटत नाय, पाकळीची काय कथा!

मामंजींनी हात जोडले. "माई, तुला हितनं हलायचं नसंल तर उजवा दे."

आं? असं उलटं कुठं इचारत्यात? मी तोंड उघडायच्या आत उजवी पाकळी पडली. "बघा! माई हलत नाय म्हणती!" कोंडाबाई ओरडली. सगळ्यांनी हात जोडले. माझाच भात माझ्या नरड्यात अडकला.

मग मात्र माझा तोल गेला. "मामंजी, ह्या फळ्या पेटल्या तर माई ऱ्हाईल, ती दगडाची हाय. माझी संस्कृती नाय ऱ्हायची!" म्हणाले आणि चारचौघांत रडले. लाज वाटली, पण रडू थांबंना.

मामंजींनी नातीकडं बघितलं. मग माईच्या पाया पडायला वाकले आणि वाकता वाकता डावी पाकळी नखानं खरवडून काढली. नखातला भात बघितला. मग माझ्याकडं बघितलं. माझं तर पाणी पाणी झालं.

"डावीबी पडली," ते मोठ्यानं म्हणाले. "माईचा इचार बदलला. जानकू, छिन्नी आण."

सिमेंट फोडून माई माझ्या मांडीवर दिली. फळ्या उचकटल्या, साचलेलं डिझेल डब्यानं उपसलं, जुनी टाकी दोघा-तिघांनी वर वढली. नवी टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसवली, पाइप नवे घातले. माई आता फुडच्या कोपऱ्यात, नुसत्या पाटावर. कोंडाबाई रिकामी बाटली घेऊन काठावर बसून व्हती.

बाजारच्या दिवशी माईच्या पायाशी सगळं कोरडं. कोंडाबाईनं बोट फिरवून बघितलं आणि लांबच्या बाकड्यावर जाऊन बसली. बाकीचेबी पांगले. मामंजी एकटेच पाण्याकडं बघत बसले. माझ्या जिवाला लई लागलं.

दुसऱ्या सकाळी कुणी यायच्या आत मी पदराआड वाटी घेऊन लाँचीत गेले.

झाली परत गर्दी! कोंडाबाई गुडघा चोळत म्हणाली, "आता लई गुण हाय बया, वासबी मारत नाय." मामंजींनी सगळ्यांना बोट-बोट वाटलं. शेवटचं बोट स्वतःच्या नाकाशी नेलं आणि मला जवळ बोलावलं.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "माईला सांग, जरा कमी दे. घरात फोडणीलाबी लागतं."