तपासणीपुरता जागा होणारा डबा

मित्रांनो, मी एका जुन्या स्पोर्ट्स कारचा कॉम्प्युटर आहे. दिसायला जेवणाच्या डब्याएवढा. ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा माणूस जिथे पाय ठेवतो, तिथे गालिच्याखाली माझी जागा आहे. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे मी ठरवतो. इंजिनाच्या अंगाला एक कान लावलेला आहे. आत अवेळी स्फोट होऊन टकटक झाली, की तो कान मला कळवतो आणि मी ठिणगी जरा उशिरा पाडतो. गाडीचा जोर तेवढ्यापुरता कमी होतो, पण इंजिन वाचतं. मला असा भित्राच बनवला आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझे मालक जपानमधल्या मात्सुमोतो शहरातले सेगावा कोहेइ. घाटरस्त्यांचं त्यांना भारी वेड. सुरुवातीला त्यांनी माझं तोंडभरून कौतुक केलं. मग मित्रांच्या गाड्या पुढे जायला लागल्या आणि मी त्यांना रडका वाटू लागलो. एक दिवस ते मला बानदो-सान नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले.

"रिमॅप करून, म्हणजे याचं गणित बदलून, काही फायदा होईल का हो?"

"होईल की. पण पेट्रोल कायम भारीतलं भरायचं, तेल वेळेवर बदलायचं. आणि कान मी चालू ठेवणार."

"कान चालू ठेवला तर हा रडका पुन्हा मागे ओढणार. बंद करा तो."

"इंजिन तुझं आहे, कोहेइ-कुन. रडशीलही तूच."

बानदो-साननी माझ्यासारखाच दुसरा डबा आणला. त्याला नवं गणित शिकवलं, त्याचा कान बंद केला आणि माझ्या जागी बसवला. मला मात्र फेकलं नाही. असा बदल केलेली गाडी सरकारी तपासणीत नापास झाली असती. म्हणून दर दोन वर्षांनी, तपासणीपुरतं, मला परत आत बसवायचं ठरलं. बाकीचा काळ मी दारातल्या चपलांच्या कपाटात.

वीज तुटली की मला झोप लागत नाही, मित्रांनो. मी नसतोच. मग किल्ली फिरते आणि मी एकदम असतो. पहिल्यांदा असा परत आलो, तेव्हा क्षणापूर्वी रिकाम्या असलेल्या सीटवरून एक बाई बोलत होती. त्या चिनात्सु-सान, कोहेइ-सानची बायको. त्यांचं लग्न कधी झालं, मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा इंजिन मला परकं वाटलं. तिसऱ्या सिलिंडरमधून बारीक टकटक येत होती. मी ठिणगी उशिरा पाडली. टकटक थांबली नाही. आणखी उशिरा पाडली, तरी नाही; त्या बहिऱ्या डब्याने इंजिन आतून दुखावलं होतं. कोणीतरी आत कोंडलं जावं आणि त्याने हळूहळू दार वाजवत राहावं, तसा तो आवाज होता. माझा कान सोडला तर तो कोणालाच ऐकू जात नव्हता.

"आज गाडी कशी शहाण्यासारखी चालतेय," चिनात्सु-सान म्हणाल्या.

"सर्व्हिसिंग केलंय ना," कोहेइ-सान म्हणाले.

तपासनिसाने शिक्का मारला. पास मी झालो होतो, धावणार होता तो बहिरा. घरी पोचल्यावर किल्ली फिरली आणि मी विझलो.

तिसऱ्यांदा जाग आली ती तपासणीसाठी नव्हती. दारात फुमिका नावाची एक तरुण मुलगी गाडी विकत घ्यायला आली होती.

"आईला घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यावं लागतं," ती सांगत होती. "इंजिनात काही बदल केलेत का?"

"छे, हात लावलेला नाही." कोहेइ-साननी गालिचा उचलून मला दाखवलं. "हा बघा, कंपनीचाच."

खोटं मी बोललो नाही, पण माझ्याकडे बोट दाखवून ते बोललं गेलं. टकटक आता मोठी झाली होती; असं इंजिन घाटात केव्हाही दगा देईल. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लावणं एवढंच मला बोलता येतं. मी तो लावला.

"थंडीत लागतो तो. जुन्या गाड्यांचं असंच."

फुमिका हसली. तिला ते पटलं होतं.

तेवढ्यात चिनात्सु-सान चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये कपांच्या शेजारी तो दुसरा डबा होता.

"हाही बघून घ्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "एरवी गाडी या बदललेल्या डब्यावर चालायची. चपलांच्या कपाटात सापडला. बानदो-सानना विचारून आलेय मी."

फुमिका त्या डब्याकडे बघतच राहिली. मग चिनात्सु-सानपुढे कमरेत वाकली आणि चहा न पिताच निघून गेली.

"तुला मध्ये पडायची काय गरज होती?" कोहेइ-सान पुटपुटले.

"ती आईला शेजारी बसवून घाट उतरणार होती. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसले, कोहेइ. मला सांगितलंस कधी?"

त्या घरात गेल्या. कोहेइ-सान अजून गाडीतच बसले आहेत, इंजिन चालू आहे. त्यांनी किल्ली काढली की मी नसेन, म्हणून आत्ताच सांगून घेतो. मित्रांनो, जोर वाढवावासा वाटला तर खुशाल वाढवा, गाडीला सोसेल एवढा वाढवा. पण तुमच्यासाठी ऐकत बसलेला कान बंद करू नका. आणि शेजारी कोणी बसणार असेल, तर त्याला आधी सांगा.

तिसऱ्या सिलिंडरमधून टकटक येतेच आहे. कोहेइ-साननी रेडिओ बंद केला आहे, श्वास रोखून धरला आहे. आता त्यांनाही ती ऐकू येते आहे.