एकाच विद्यार्थिनीच्या शाळेतला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पुढे कलती फळी, तिच्याखाली दप्तराचा कप्पा, लोखंडी पाय आणि दोघांना दाटीवाटीनं बसता येईल एवढी बैठक. तुमच्यातल्या कुणी ना कुणी माझ्या एखाद्या भावंडावर कर्कटकानं नाव कोरलं असेलच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर बोल लावू नका. मी स्वभावानं संशयी आहे. बाकाला सगळं खालून दिसतं. माणूस चेहरा सरळ ठेवून काहीही सांगतो, पण त्याच वेळी त्याचा हात कप्प्यात काय चाचपतो आहे आणि पाय कसे एकमेकांवर घासतो आहे, ते मला कळतं.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. रंधा मारून, पॉलिश करून आम्हां सगळ्या भावंडांना एका ट्रकमध्ये रचलं आणि एका शाळेत आणून उतरवलं. मला शेवटून दुसरी रांग मिळाली. शेवटून दुसऱ्या रांगेत काय काय चालतं हे तुम्हांला मी सांगायला नको. कप्प्यात लपवलेला खाऊ पाहिला, बाहीत दडवलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या, "सर, माझं पोट दुखतंय" म्हणणारी ठणठणीत पोटं पाहिली. माझा स्वभाव तिथंच घडला.

परीक्षेचे दिवस मात्र माझ्या मानाचे असायचे. माझ्यावर क्रमांकाचा कागद डकवला जाई. एकदा एका पर्यवेक्षकांनी मला हलवून पाहिलं आणि म्हणाले, "हा पक्का आहे. इथं बसणाऱ्याचं अक्षर बिघडायचं नाही." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

मग शाळेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. आमची रवानगी मैदानाकडेच्या पत्र्याच्या खोलीत झाली. तिथं मी उलटा पडून होतो. पायांना गंज चढला, कोळ्यांनी कप्पा बळकावला. मला वाटलं, आपलं झालं आता, एक दिवस जळणात जाऊ.

तेवढ्यात त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला पाहिलं. त्यांच्या भावाच्या घरी बाक हवा होता. त्यांनी मला हातगाडीवर घालून त्या घरी पाठवलं. दुसऱ्या मजल्यावरचं घर. पुढच्या खोलीच्या खिडकीखाली मला ठेवलं. खाली टायर बदलायचं दुकान होतं. दिवसभर हवा भरायच्या पंपाचा आवाज येई.

तिथं एक मुलगी होती. पेन्सिली कुरतडायची म्हणून सगळे तिला खारू म्हणत. लहानपणी तिचं दुखणं लांबलं, शाळा बुडाली, आईनं घरी शिकवायला घेतलं आणि मग ते तसंच चालू राहिलं. आई एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती. खारूसाठी तिनं ती नोकरी सोडली होती. बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर पाळीनं कामाला जात.

खरं सांगतो, मला ते सगळं संशयास्पदच वाटलं. ही कसली शाळा? घंटा नाही, हजेरी नाही, मधली सुट्टी कधीही. विद्यार्थिनी एकच, म्हणजे पहिला नंबरही तिचा आणि शेवटचाही तिचाच. शिकवणारी आई, प्रश्नपत्रिका काढणारी आई आणि गुण देणारीही आईच! तरी एक मान्य करतो. त्या खोलीत मुलगी प्रश्न विचारायला घाबरत नव्हती. माझ्या जुन्या वर्गात तेवढे प्रश्न एका वर्षात कुणी विचारले नसतील.

पण एक गोष्ट मला खटकायची. खारू गणित सोडवत असताना आई मागे उभी असायची. खारूचं पेन चुकीच्या पायरीकडे वळलं की आई खोकायची. हलकेच. खारू थांबायची, खोडायची, दुसरीकडून यायची आणि उत्तर बरोबर! मग आई म्हणायची, "छान! पैकीच्या पैकी." आईला सर्दी नव्हती. आपण खोकतो आहोत हे तिला स्वतःला माहीत होतं की नाही, याचीही मला शंका आहे.

खारू सोळा वर्षांची झाली आणि घरातली हवा बदलली. आता शाळा संपल्याचा दाखला लागणार होता. पुढे काय, हा प्रश्न रोज जेवणाबरोबर वाढला जाऊ लागला. वाटा दोन होत्या. एक म्हणजे मुक्त परीक्षा मंडळाची परीक्षा द्यायची. परकी शाळा, परके पर्यवेक्षक, पेपर तपासणारे कोण ते माहीत नाही. दुसरी म्हणजे आईनं घरच्या अभ्यासाचा दाखला स्वतः तयार करायचा, विषय आणि गुण मांडायचे आणि असा दाखला चालतो त्या मोजक्या खासगी महाविद्यालयांत अर्ज करायचा.

आईनं दुसरी वाट धरली. "औषधनिर्माणाला जा," ती खारूला म्हणाली. "तिथं हा दाखला चालतो. तुझे गुण बघून कुणीही घेईल."

"आणि परीक्षा दिली तर?" खारूनं विचारलं.

"कशाला उगाच? तीन तासांत काय कळतं माणसाचं!"

कप्प्यातल्या खारूच्या हातानं पेन्सिलीचा एक तुकडा मोडला. तो आवाज फक्त मला ऐकू आला.

त्यानंतर खारू बदलली. गुरुवारी दुपारी ती "वाचनालयात जाते" म्हणून निघू लागली. येताना पुस्तक एकही नाही. बाहीवर पिवळसर चुरा, नखांत पिवळसर चुरा आणि अंगाला एक मेणचट वास. आल्यावर काहीतरी कागदात गुंडाळून ती माझ्या कप्प्यात अगदी मागे सरकवून ठेवायची. मी कान टवकारले. गुरुवारीच का? वाचनालयात मेण कसलं?

आईही काही कमी नव्हती. गुरुवारी आत्याची, म्हणजे त्या विज्ञानाच्या बाईंची, दुपारनंतर शाळा नसते हे तिच्या ध्यानात आलं. त्यात टायरवाल्यानं सहज सांगितलं, "तुमची मुलगी आणि त्या बाई परवा रिक्षातून चालल्या होत्या." झालं! आई बाबांना म्हणाली, "तुमच्या ताईंना पहिल्यापासून माझं शिकवणं म्हणजे भातुकली वाटते. आता पोरीचे कान भरताहेत. शेवटच्या वर्षी शाळेत घालून सगळं श्रेय घ्यायचं असेल."

"अगं, ताई तशी नाही," बाबा म्हणाले.

"तुम्हांला कुणीच तसं वाटत नाही! पंप बिघडला तरी तुम्ही म्हणाल, थकला असेल बिचारा."

एका सकाळी आई मला पुसायला आली. कप्प्यात हात घातला आणि दचकून मागे घेतला. तिच्या तळहातावर एक दात होता. दाढ! पुरी मोठी, चार टोकांची, खोबणीसकट. आईनं तो खिडकीच्या उजेडात धरला. मग तिनं खारूला हाक मारून तोंड उघडायला लावलं. खारूचे सगळे दात जागच्या जागी होते.

"मग हा कुणाचा?"

खारू नखांतला पिवळसर चुरा काढू लागली.

"कुणाचा आहे म्हणते मी!"

"मेणाचा आहे," खारू म्हणाली. "मी कोरलाय."

आईनं तडक फोन करून आत्याला बोलावून घेतलं. आत्या आल्या आणि माझ्या बैठकीच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या. आई उभीच राहिली.

"ताई, तुम्ही माझ्या मुलीला कुठं नेता?"

"तिनं विचारलं म्हणून नेते," आत्या म्हणाल्या. "आधी माझ्या वर्गाच्या सराव परीक्षेचे पेपर शाळा सुटल्यावर तिच्याकडून सोडवून घेतले. मग दात बनवतात त्या लॅबमध्ये नेलं."

"माझ्याकडून काय कमी पडलं म्हणून माझ्या पाठीमागे परीक्षा?"

तेव्हा खारू बोलली. "आत्याला बोलू नकोस. मीच मागे लागले होते. आई, मला तुझ्या गुणांचा संशय यायला लागला होता."

आईनं तो मेणाचा दात मुठीत मिटला.

"मी चुकायला लागले की तू खोकतेस. मला माहीत आहे. मी मुद्दाम चुकीचं लिहून पाहिलंय, आणि तू खोकलीस. मग माझं उत्तर आलं म्हणजे नक्की कुणाचं आलं? तू परीक्षा नको म्हणालीस, तेव्हा वाटलं, हिलाही माहीत आहे, मला काहीच येत नाही. म्हणून दाखला घरीच लिहायचा."

"मग काय झालं त्या परीक्षेत?" आईचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"गणितात कशीबशी पास झाले. विज्ञानात मात्र वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त मिळाले. आणि ते माझे आहेत, आई."

खाली पंप धडधडत होता. आई माझ्या फळीला धरून हळूच खाली बसली. मला वाटलं होतं, आता ती रागावेल. पण ती म्हणाली, "मला वाटायचं, ती परीक्षा तुझी नाही, माझी आहे. नोकरी सोडून दहा वर्षं घरात बसून मी काय केलं, ते कुणीतरी परका माणूस तीन तासांत ठरवणार. तू नापास झालीस तर लोक तुला काही म्हणणार नव्हते. मला म्हणणार होते."

मी इतकी वर्षं त्या दोघींवर नजर ठेवून होतो, पण हे मला दिसलं नव्हतं.

आई आत्यांकडे वळली. तिचा संशय अजून पुरता गेला नव्हता. "पण दातांच्या लॅबशी तुमचा काय संबंध?"

आत्यांनी दाराकडे पाहिलं, बाबा अजून आले नाहीत ना याची खात्री केली, तोंडात बोट घातलं आणि समोरचा एक दात काढून माझ्या फळीवर ठेवला.

"हा शंबंध," त्या म्हणाल्या.

आईनं वाकून त्या दाताकडे पाहिलं. शाळेच्या जिन्यावरून पडून आत्यांचा तो दात कधीच गेला होता आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता. वर्गातली मुलं चिडवतील म्हणून त्यांनी ते गुपित जिवापाड जपलं होतं. खारूनं ओळखलं होतं. "आत्या, तुझा हा दात बाकीच्यांपेक्षा जरा निळसर आहे," असं तिनं एकदा सरळ म्हटलं आणि मग तो बनवणाऱ्या माणसाला भेटायचा हट्टच धरला.

आधी आई हसली, मग खारू. आत्या दात नसताना हसू दिसू नये म्हणून तोंडावर हात धरून बसल्या होत्या. पण त्यांचेही खांदे हलत होते. तेवढ्यात बाबा दारात आले. तिघींकडे आणि माझ्यावरच्या दाताकडे पाहून म्हणाले, "मी चहा ठेवतो. मला काही सांगू नका."

त्या दिवसापासून खरं नियोजन सुरू झालं. खारूला लॅबमध्ये कृत्रिम दात बनवायला शिकायचं होतं, पण त्या दंत-तंत्रज्ञाच्या पदविकेला घरचा दाखला चालत नव्हता. मंडळाची परीक्षा हवी होती, विज्ञान हवं होतं आणि शिवाय मेणाचा दात समोर बसून कोरून दाखवायचा होता. आईनं स्वतः ती पदविका देणाऱ्या संस्थेत जाऊन चौकशी केली. ती तर माझ्यापेक्षा संशयी निघाली. शिकवणारे कोण, मान्यता खरी आहे का, शिकून गेलेल्यांना काम मिळतं का, हे तिनं आधी कार्यालयात विचारलं, मग फाटकाबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना वेगळं विचारलं आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहिली. औषधनिर्माणाची वाटही त्यांनी बंद केली नाही. खारूचं मन फिरलं तर तीही असू दे, असं ठरलं. आणि गणिताला आईनं खारूला आत्यांकडे पाठवलं. पाठवताना आत्यांना म्हणाली, "चुकलं की सरळ चुकलं म्हणा तिला. मला ते अजून जमत नाही."

परीक्षेला खारू परक्या शाळेत, परक्या बाकावर बसली. तो डुगडुगत तर नसेल ना, या काळजीनं मीच कासावीस झालो होतो. निकाल आला. गणितात बेताचेच गुण, विज्ञानात उत्तम. दात कोरायच्या चाचणीत तिनं टोकं जरा जास्तच उंच ठेवली होती. तपासणारे म्हणाले, "हा दात लावला तर माणसाला तोंड मिटता येणार नाही. पण हात चांगला आहे." तिला प्रवेश मिळाला.

आता खारू वसतिगृहात राहते. खिडकीखाली मी रिकामाच होतो. माझ्यावर इस्त्रीचे कपडे, छत्र्या, जुनी वर्तमानपत्रं साठू लागली. माझा एक बोल्ट ढिला झाला तेव्हा बाबांनी पायाखाली कागदाची घडी सरकवली आणि विषय संपवला.

मित्रांनो, ती कागदाची घडी फार फसवी असते. वरून सगळं स्थिर दिसतं. आत बोल्ट आणखी ढिला होत जातो. लाडानं केलेलं खोटं कौतुक तसंच असतं. ते करणाऱ्याचं मन वाईट नसतं, पण ज्याच्या पायाखाली ते सरकवलेलं असतं, त्याला मनातून सारखं वाटत राहतं की आपण पडणार. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एखादा बाक डुगडुगत असेल तर घडी काढा आणि पाना आणा. आणि तुम्हांलाच कुणाच्या शाबासकीचा संशय येत असेल, तर तो कप्प्यात लपवून ठेवू नका. त्या माणसाला समोर बसवून विचारा. विचारणं अवघड असतं, पण मोडत काही नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर गेल्या आठवड्यात आईनं माझ्यावरचा सगळा पसारा काढला. बाबांकडून बोल्ट आवळून घेतला. दुपारी ती माझ्यावर येऊन बसली. गुडघे मावेनात म्हणून तिरकी बसली आणि रसायनशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक उघडलं. जुन्या कंपनीत पुन्हा भरती आहे. मुलाखतीआधी लेखी परीक्षा आहे म्हणे.

"मला नाही वाटत जमेल असं," ती बाबांना म्हणाली.

"मलाही नक्की सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "बसून बघ."

आईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि पहिलं उदाहरण सोडवायला घेतलं.