ओटीवरचे वडील

श्यामला त्याच्या भावाने, बाळाने, जीपमधून आणून अंगणात उतरवलं तेव्हा हेमा कामावरून नुकतीच परतली होती. दोघांच्या घटस्फोटाला पाच वर्षं होऊन गेली होती. एके काळी हा माणूस बोटीवर मोटरमन होता, वर्षातले आठ महिने दर्यावर असायचा आणि घरी आला की हात उगारायचा. आता त्याचं डावं अंग लुळं पडलं होतं.

"वहिनी, हर्ण्याला याला बघणारं कोण नाय. बघा तुम्हीच," असं म्हणून बाळा निघूनसुद्धा गेला.

हेमाने त्याला घरात घेतलं नाही, पण हाकललंही नाही. ओटीवर खाट टाकून दिली. "उंबरा ओलांडायचा नाही," एवढंच बोलली. मिरजोळ्याच्या कारखान्यात दिवसभर कोळंबी सोलून यायचं आणि पुन्हा त्याला पेज भरवायची, असा तिचा पावसाळा सुरू झाला.

त्याच पावसाळ्यात त्यांच्या मुलीला, मृणालीला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कारखान्याच्या मजुरीत ती फी बसणं शक्यच नव्हतं. पण घरचं उत्पन्न कमी असल्याचा तहसीलदारांचा दाखला दिला तर अर्धी माफ होणार होती, आणि उरलेली भरायला हेमाने मंगळसूत्राच्या वाट्या केव्हाच मोडल्या होत्या. तिने अर्ज केला. चौकशीला तलाठी आले त्या दुपारी घरी श्यामशिवाय कोणी नव्हतं.

संध्याकाळी तो खुशीत होता. जड जिभेने सांगू लागला, "तलाठी भाऊसाहेबांना सांगितलं, मी पोरीचा बाप. इथंच राहतो. हर्ण्याच्या बंदरात माझ्या नावावर ट्रॉलर आहे, तेपण सांगितलं. पोर उघड्यावर पडली नाही, कळू दे लोकांना."

हेमाने पेटी उघडून घटस्फोटाचा हुकूम शोधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी खाडा करून ती तहसील कचेरीत गेली. कोर्टाचा हुकूम तिने टेबलावर ठेवला. कारकून भला माणूस होता. त्याने तो पूर्ण वाचला.

"बाई, घटस्फोट कागदावर आहे, पण माणूस तुमच्या ओटीवर आहे. एकत्र राहतो म्हटल्यावर ट्रॉलरचं उत्पन्न तुमच्यात धरावं लागतं."

"एक पैसा येत नाही हो त्यातला. त्याचा भाऊ चालवतो, भाऊच खातो."

"मग ट्रॉलर भावाच्या नावावर करून द्या."

"बँकेचं कर्ज आहे त्याच्यावर. फिटल्याशिवाय नाव बदलत नाही म्हणतात."

कारकुनाने कागद तिच्याकडे सरकवला. "तो दुसरीकडे राहायला गेला तर पुन्हा चौकशी लावतो. सोमवारच्या आत बघा. पुढं कॉलेज थांबणार नाही."

ती येताना शेजारच्या यमुनाबाईंकडे गेली. त्यांची मागची खोली रिकामी होती. यमुनाबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोर्टात तुझ्या बाजूनं साक्ष द्यायला मी उभी राहिले हेमा. तुझा सुजलेला गाल मी बघितलाय. त्या माणसाला माझ्या घरात घे म्हणतेस?"

हेमा उठून निघाली.

घरी आली तर मृणाली खाटेशेजारी बसून श्यामची नखं कापत होती. तो आल्यापासून तिने त्याला एकदाही बाबा म्हटलं नव्हतं. हेमाने तिला आत बोलावून सगळं सांगितलं.

"राहू दे गो आई त्यांना," मृणाली म्हणाली. "मी इथंच बीएस्सी करते."

"याच्यापायी माझं गेलं ते गेलं. तुझंही घालवू?"

"मग कुठं टाकणार त्यांना?"

हेमाने फोन करून बाळाला सांगितलं, की ट्रॉलरच्या डिझेलच्या सरकारी परताव्याला भावाची सही लागते ना, मग भावालाही ठेवून घे. नाहीतर मी वकील गाठते. दुसऱ्या दिवशी तिने श्यामला धरून एसटीत चढवलं. सगळी वाट तो खिडकीबाहेर बघत होता. दापोलीला गाडी बदलताना त्याने विचारलं, "परत कधी?"

"दाखला मिळाला की," ती म्हणाली. बोलताना तिला ते खरंच वाटत होतं.

दाखला मिळाला. अर्धी फी माफ झाली. मृणालीचं नाव कॉलेजच्या यादीत लागलं आणि हेमाला कितीतरी दिवसांनी भूक लागली. पावती हातात देताना खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नवीन दाखला आणायचा हं. दरवर्षी लागतो."

"चौकशी पण पुन्हा?"

"दरवर्षी."

म्हणजे चार वर्षं. सुट्टीच्या दिवशी ती हर्ण्याला गेली. बाळाने श्यामला सुकी मासळी ठेवायच्या खोलीत ठेवलं होतं. पोत्यांच्या थप्पीला टेकून तो बसला होता, अंगावर नेसूची एक लुंगी तेवढी, आणि पाठीवर जखम झाली होती. तिला बघून त्याने उजव्या हाताने पिशवी जवळ ओढली. पिशवी निघायच्या तयारीने भरलेली होती.

हेमा खाली बसली. दरवर्षी चौकशी होणार, चार वर्षं त्याला परत नेता येणार नाही, हे तिने काही न लपवता सांगितलं. बाहेर बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला होता, माणसं ओरडत होती.

तो म्हणाला, "म्हणजे मी मेलो तर तुम्ही दोघी लवकर सुटाल."

येताना एसटीत, केळशीच्या फाट्याआधी कुठेतरी, हाच विचार हेमाच्याही मनात येऊन गेला होता, आणि तेव्हापासून तिला स्वतःच्या हातांकडे बघवत नव्हतं.

तिने जखम धुऊन हळद भरली. बाळाच्या बायकोकडून भात मागून आणला, कालवला आणि एकेक घास त्याच्या तोंडात घालू लागली. परतीची शेवटची गाडी सुटायला अजून थोडा अवकाश होता.